तेजोकाठचं दगडी जहाज

लिस्बनच्या बेलें भागात, तेजो नदी समुद्राला मिळते तिथून जरा अलीकडे, काठावर एक दगडी जहाज उभं आहे. सुमारे ५६ मीटर उंच. शिडं वाऱ्याने फुगलेली, नाळ थेट पाण्यावर आलेली. नाळेच्या टोकाशी राजपुत्र हेन्री, पंधराव्या शतकात सागरी मोहिमांना पाठबळ देणारा, हातात छोटंसं गलबत घेऊन. त्याच्या मागे दोन्ही अंगांच्या चढणीवरून वर येणारी माणसं, एका बाजूला १६, दुसऱ्या बाजूला १६. हेन्री धरून ३३. कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या हाती नकाशा, कुणी गुडघ्यावर बसलेलं. स्मारकाचं पोर्तुगीज नाव ‘पाद्रांव दुश दिश्कुब्रिमेंतुश’, म्हणजे शोधांचा स्तंभ. भिंतीवर कोरलंय की हे स्मारक राजपुत्र हेन्रीला आणि समुद्राच्या वाटा शोधणाऱ्या पोर्तुगीजांना अर्पण आहे.

जमिनीच्या बाजूला वळसा घालून गेलं की दुसरंच काही दिसतं. दरवाजाच्या वर, जवळजवळ इमारतीच्या उंचीइतकी, एक दगडी तलवार कोरलेली आहे. लांबून पाहणाऱ्याला ती क्रूसासारखी वाटते. ज्याने हा आराखडा काढला त्याला हे दोन्ही एकात दिसावेत असंच वाटत असणार, आणि आपल्या किनाऱ्यावर ते तसेच, एकात एक होऊन उतरले होते.

या ३३ जणांच्या रांगेवरून नजर फिरवत गेलं तर आपला किनारा पुन्हा पुन्हा भेटतो. १४९८ मध्ये कालिकतला पोचलेला वास्को द गामा. दोन वर्षांनी त्याच कालिकतवर तोफा डागणारा काब्राल. गामाच्याही आधी वेष पालटून मलबारची बंदरं हेरून गेलेला पेरू द कोविल्यां. गोव्याचा गव्हर्नर झालेला मार्तिं आफोन्सो द सोझा. गोव्यात काही वर्षं काढलेला कवी कामोइश. आणि पूर्वेकडच्या रांगेत अगदी शेपटाकडे, एकमेकांच्या शेजारी, गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकर्क आणि धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर. त्यामुळे हे स्मारक ठेवावं की पाडावं यावरून पोर्तुगालमध्ये जे भांडण चालू आहे ते मला परक्याच्या घरातलं भांडण वाटत नाही. त्या घरातल्या भिंतीवर आपल्याही घरच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत, फक्त लिहिणारा आपला नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे स्मारक पाडू नये. आणि ते आज जसं एकटं, दिमाखात, कुणीही उलट प्रश्न न विचारता उभं आहे, तसंही ठेवू नये.

आधी त्याचं वय बघू. एवढा जुना विषय, एवढी भव्य बांधणी, म्हणून पाहणाऱ्याला ते शतकानुशतकं तिथे असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते १९६० चं आहे. त्याआधी एकदा, १९४० मध्ये, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने बेलेंमध्ये ‘पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन’ भरवलं, तेव्हा कोत्तिनेल्ली तेल्मो या वास्तुरचनाकाराने आणि लेओपोल्दो द आल्मेदा या शिल्पकाराने हे जहाज तात्पुरत्या साहित्यात उभं केलं होतं. प्रदर्शन संपलं, तीन वर्षांनी ते काढूनही टाकलं. त्याच प्रदर्शनात, नदीपासून चार पावलांवरच्या बागेत, वसाहतींमधून आणलेली जिवंत माणसं झोपड्या उभारून बघ्यांसमोर ठेवली होती. बायका, पोरं, म्हातारे. बाग अजून आहे, झाडं छान वाढली आहेत, लोक फिरायला जातात.

मग १९६० साली, हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली हे निमित्त धरून, तेच जहाज काँक्रीट आणि दगडात कायमचं बांधलं गेलं. निमित्त पंधराव्या शतकाचं होतं, पण गरज त्या वर्षाची होती. १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. पोर्तुगालने १९५१ मध्येच कागदावर आपल्या वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे जगाने विचारलं तर सांगता यावं की आमच्याकडे वसाहती नाहीतच, उत्तर पोर्तुगालमधल्या मिन्होपासून आशियातल्या तिमोरपर्यंत सगळा एकच देश आहे. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये हातची गेली होती. त्या मोहिमेत सुधीर फडके होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. पोर्तुगाल ते प्रकरण घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला की तिथे सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, बेलेंच्या काठावर या जहाजाचं उद्घाटन झालं. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहती संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला. पुढच्या वर्षी अंगोलात युद्ध पेटलं, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला.

हा क्रम एकदा डोळ्यांपुढे आला की दगडाचा अर्थच बदलतो. साम्राज्य हातातून सुटत होतं आणि राजवट ते दगडात धरून ठेवत होती.

स्मारकासमोरच्या चौकात रंगीत दगडाचा मोठा होकायंत्री गुलाब, म्हणजे दिशा दाखवणारी ताऱ्यासारखी नक्षी, आहे, ५० मीटर व्यासाचा, मधोमध जगाचा नकाशा. नकाशावर पोर्तुगीज जहाजं आणि ती कुठे कधी पोचली त्याची सालं. सकाळी शाळेची पोरं त्यावर धावतात, एक पाय ब्राझीलवर, दुसरा आफ्रिकेवर. आपली पश्चिम किनारपट्टीही त्यातच आहे, चपलेच्या मापाएवढी. हा गुलाब १९६० ची भेट आहे, आणि भेट देणारं सरकार दक्षिण आफ्रिकेचं होतं, वर्णभेदाचं. त्याच वर्षी २१ मार्चला शार्पव्हिलमध्ये त्या सरकारच्या पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली होती. कोण कुणाला काय भेट देत होतं हे नुसतं सांगितलं तरी स्मारकाचा निम्मा इतिहास सांगून होतो. पण त्या नकाशावर उभ्या असलेल्या किती जणांना ते माहीत असतं?

स्मारकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: इतिहास पुसू नका. मला हे वाक्य मनापासून पटतं, म्हणूनच ते या स्मारकाला लावून बघावंसं वाटतं. ३३ माणसांत एकही आफ्रिकी नाही, एकही आशियाई नाही. बाई एकच, हेन्रीची आई. गामाला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतपर्यंत आणणारा वाटाड्या आपल्या बाजूचा होता. जुन्या पोर्तुगीज नोंदी त्याला गुजराती म्हणतात. मोसमी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडण्याची विद्या त्याच्यासारख्या तांडेलांकडे पिढ्यान् पिढ्या होती. तो या जहाजावर नाही. वाट ‘शोधली’ असं ज्या भिंतीवर कोरलं आहे, त्या भिंतीवर वाट दाखवणारा नाही. तेव्हा इतिहास पुसण्याचं काम कुणी केलं असेल तर ते बांधणाऱ्यांनी, बांधतानाच.

आणि दर्यावर्दीपणाला कमी लेखायचं मला काहीच कारण नाही. जील यानिशने १४३४ मध्ये बोजादोरचं टोक ओलांडलं, ज्याच्या पलीकडे गेलेला परत येत नाही असं खलाशी मानत. बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला. परतीसाठी किनारा सोडून थेट खोल समुद्रात शिरायचं, तिथला वारा पकडायचा आणि मोठा फेरा मारून घरी यायचं, ही त्यांनी बसवलेली रीत धाडसाची तर होतीच, पण निरीक्षणाची आणि गणिताचीही होती. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या तांडेलाला विचारा, तो या माणसांपुढे हात जोडेल. राजपुत्र हेन्री मात्र स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही. त्याला ‘नाविक’ ही पदवी पुढच्या पिढ्यांनी लावली.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. तेव्हाच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नका, तो काळच तसा होता, असं म्हणतात. याला उत्तर द्यायला मला दुसरीकडे कुठे जावं लागत नाही. उत्तर त्या स्मारकावरच उभं आहे, पश्चिमेकडच्या रांगेत. त्याचं नाव गोमिश यानिश द झुरारा. हा दरबारचा बखरकार, हेन्रीचा चाहता, त्याची थोरवी लिहायलाच बसलेला. त्याने ८ ऑगस्ट १४४४ चा प्रसंग लिहून ठेवला आहे. दक्षिण पोर्तुगालमधल्या लागुश बंदरात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसं उतरवली गेली. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, त्यांना एका मैदानात नेऊन उभं केलं. काहींच्या माना खाली, चेहरे आसवांनी भिजलेले. काही आकाशाकडे बघून ओरडत होते. काहींनी स्वतःला जमिनीवर लोटून दिलं होतं. मग वाटण्या सुरू झाल्या. बापापासून मुलगा, नवऱ्यापासून बायको, भावापासून भाऊ. पोरं आपल्या माणसांकडे पळत सुटायची. आया लेकरांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडायच्या, मार खायच्या, पण सोडायच्या नाहीत. हेन्री घोड्यावर बसून हे बघत होता. पाचवा हिस्सा त्याचा, म्हणजे ४६ जण. ते त्याने तिथेच आपल्या माणसांना वाटून टाकले.

हे लिहिताना झुराराला रडू आलं, तसं तो स्वतःच सांगतो. पुढे तो मनाची समजूत घालतो की निदान यांचे आत्मे तरी तरतील. पण ती समजूत घालायची वेळ त्याच्यावर आली, हेच मला महत्त्वाचं वाटतं. समोर घडतंय ते भयंकर आहे हे कळायला त्याला आपल्या काळातलं माप लागलं नाही. पुढे शेकडो वर्षांत पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांनी आफ्रिकेतून सुमारे ५८ लाख माणसं गुलाम म्हणून नेली. अटलांटिकपार नेलेल्या सगळ्या माणसांपैकी ती जवळजवळ निम्मी. सुरुवात त्या मैदानातून झाली. आणि स्मारकावर हेन्री आहे, झुरारा आहे, झुराराने पाहिलेलं मात्र कुठेच नाही.

गामाचंही तेच. १५०२ मध्ये दुसऱ्या फेरीत त्याने मलबारजवळ मक्केहून परतणारं ‘मीरी’ नावाचं जहाज अडवलं, लुटलं आणि आतल्या माणसांसकट जाळलं. जहाजावरच्या बाया आपली पोरं वर उचलून धरत होत्या, दागिने दाखवत होत्या, दया करा म्हणून. हे सांगणारा तोमे लोपिश त्याच ताफ्यातला, त्याच्या बाजूचाच माणूस, आणि तो म्हणतो की ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा दुसऱ्यांदा घेतल्यावर राजाला २२ डिसेंबरला पत्र पाठवलं. चार दिवस कत्तल चालली, सहा हजार मुसलमान मारले, बायका-पुरुष दोन्ही, शेतकरी आणि ब्राह्मण यांना मात्र मारू नका असं सांगितलं होतं, हा सगळा मजकूर त्याचा स्वतःचा आहे. झेवियरने १६ मे १५४६ च्या पत्रात राजाकडे गोव्यासाठी धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) मागितलं. ते आलं १५६० मध्ये, तो गेल्यानंतर, आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत राहिलं. गोव्यात त्याच्या शवपेटीपुढे आजही सगळ्या धर्मांची माणसं माथा टेकवतात, त्यांच्या श्रद्धेला मी बोट लावत नाही. पण ते पत्रही त्याचंच आहे, आणि श्रद्धेने त्याचा मजकूर बदलत नाही.

आता पाडापाडीकडे येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोर्तुगालच्या सत्ताधारी समाजवादी पक्षाचे खासदार आशेन्सू सिमोइंश यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की आब राखणाऱ्या देशात हे स्मारक केव्हाच पाडायला हवं होतं. गदारोळ झाला. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सकाळी स्मारकाच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली लांबलचक इंग्रजी ओळ सापडली: पैशासाठी आंधळेपणाने निघालेल्या जहाजांबद्दल आणि लालभडक समुद्रात बुडणाऱ्या माणुसकीबद्दल. ८ ऑगस्ट, म्हणजे लागुशच्या मैदानाची तारीख. लिहिणाऱ्याला ती ठाऊक होती की तो योगायोग होता, कोण जाणे. चर्चा सगळी रंगाची झाली, दगड किती खराब झाला याची झाली. तारखेकडे लक्ष जायला हवं होतं. रंग मात्र लगेच पुसला गेला.

पाडावं म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, आणि तरी मी त्यांच्या बाजूला जाऊ शकत नाही. त्याचं कारण गोव्यात आहे.

पणजीच्या आझाद मैदानाचं नाव एके काळी आल्बुकर्क चौक होतं. मधोमध खांबांचा मंडप, त्यात आल्बुकर्कचा पुतळा. मुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला, आणि त्या मंडपात आज त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, ज्यांना पोर्तुगिजांनी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन कोंडलं होतं. कामोइशचा पुतळाही जुन्या गोव्यातल्या मोकळ्या जागेवरून संग्रहालयात आला. हे योग्यच झालं. जिंकलेल्या लोकांच्या छातीवर रोवलेला पुतळा हा हुकूम असतो. राजवट गेली की तो हुकूम मागे घेण्याचा हक्क तिथल्या लोकांचा, आणि तो त्यांनी वापरला.

स्मारकाच्या नावातला ‘पाद्रांव’ हा शब्दही अशाच हुकमातून आला आहे. पोर्तुगीज जहाजं आपल्यासोबत घडवलेले दगडी खांब नेत आणि नव्या किनाऱ्यावर रोवत: ही जमीन आमच्या राजाची. दियोगू कांव या दर्यावर्दीने १४८० च्या दशकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असे खांब रोवले. त्यातला एक, आजच्या नामिबियातल्या केप क्रॉसचा, जर्मन राजवटीने १८९३ मध्ये उपटून जर्मनीत नेला. नामिबियाने तो परत मागितला आणि २०१९ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाने तो परत करायचं ठरवलं. नामिबियाला तो नष्ट करायचा नव्हता. आपल्याला काय केलं गेलं त्याचा पुरावा आपल्या ताब्यात हवा होता.

आणि लिस्बनचं जहाज? ते कुणाच्या छातीवर रोवलेलं नाही. ते जिंकणाऱ्याच्या स्वतःच्या दारात आहे. ते पाडून टाकलं तर सर्वांत मोठी सुटका कुणाची होईल? पोर्तुगालचीच. उद्या तिथे हिरवळ होईल, बाकं मांडली जातील, आणि पोर्तुगीज मुलांना कळणारही नाही की त्यांच्या आजोबांच्या सरकारने १९६० साली, जगभर वसाहती सुटत असताना, हे बांधलं होतं. एकदा तर ते पाडून झालंच आहे, १९४३ मध्ये. त्यातून शहाणपण आलं नाही, सतरा वर्षांनी ते दगडात परत आलं. मला तो पुरावा जागेवर हवा आहे. भारतातून, अंगोलातून, मोझांबिकमधून आलेल्या माणसाने तिथे उभं राहून बोट दाखवून सांगावं, हा बघा, हा आमच्याकडे आला होता.

मी सांगितलेला नियम आपल्याकडेही सरसकट पाळला गेलेला नाही हे मान्य करायला हवं. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना जी व्हाइसरॉयची कमान लागते, तिच्या कोनाड्यात वास्को द गामा अजून उभा आहे. ती त्याच्या पणतवाने, स्वतः व्हाइसरॉय झाल्यावर, बांधली. मागच्या बाजूला तलवार घेतलेली एक स्त्री आहे, आणि तिच्या पायाखाली एक देशी माणूस आडवा. त्या आडव्या माणसाचा चेहरा मुद्दाम थांबून बघावा. गोव्याने ती कमान काढली नाही. काढू शकत होते, तरी ठेवली. मला वाटतं यातच तिचा माज उतरला आहे. ज्यांच्यावर धाक बसवायला ती बांधली, त्यांच्याच मर्जीवर ती आज उभी आहे. केरळात कापाडच्या किनाऱ्याजवळ तर एक साधा छोटा स्तंभ आहे. वास्को द गामा इथे उतरला, १४९८, एवढंच. गौरव नाही, शिवीही नाही.

लिस्बनला हे जमणार नाही असं नाही. बेलेंच्या काठावरून नदीच्या वरच्या अंगाला बघितलं की लांबलचक तांबडा झुलता पूल दिसतो. १९६६ मध्ये तो ‘सालाझार पूल’ म्हणून उघडला. २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली, बंदुकीच्या नळ्यांत फुलं खोवलेल्या सैनिकांची चित्रं जगभर गेली, आणि पुलावरचं सालाझारचं नाव उतरवलं गेलं. पूल तोच, आता ‘२५ एप्रिल पूल’. शहरातला आल्जुबेचा तुरुंग, जिथे हुकूमशाहीने आपल्याच लोकांना छळलं, त्याचं २०१५ मध्ये संग्रहालय झालं. स्वतःच्या पाठीवरचे वळ हा देश न घाबरता दाखवतो. त्याच राजवटीने समुद्रापार दुसऱ्यांच्या पाठीवर उठवलेल्या वळांची वेळ आली की मात्र जीभ अडखळते. २०१८ मध्ये लिस्बनमध्ये ‘शोधांचं संग्रहालय’ काढायची कल्पना पुढे आली, तेव्हा शंभराहून अधिक इतिहासकारांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी पत्र लिहून ‘शोध’ या नावालाच हरकत घेतली. जिथे आधीच माणसं राहत होती ती जागा कुणी कशी शोधली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दगडी जहाजाच्या पोटातल्या दालनातही २०१७ मध्ये वंशद्वेष आणि नागरिकत्वावर चांगलं प्रदर्शन झालं. पण ते तिकीट काढून आत जाणाऱ्यांसाठी. बाहेरून फोटो काढून जाणाऱ्यांना भिंतीवर १९६० चंच वाक्य दिसतं.

म्हणून माझी मागणी भिंतीच्या बाहेरच्या बाजूसाठी आहे. पहिली गोष्ट, हे कुणी आणि कधी बांधलं ते तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरावं: सालाझारची राजवट, १९६०. दुसरी, या माणसांबद्दल आपण आज काय म्हणतो ते लिहू नये. आपलं मत लिहिलं की ते खोडणारे येतात, परत लिहिणारे येतात. त्यापेक्षा त्यांचंच लिहावं. हेन्रीच्या बाजूला झुराराचा लागुशचा उतारा, जसाच्या तसा. गामाजवळ तोमे लोपिशच्या चार ओळी. आल्बुकर्कच्या पायाशी त्याच्या पत्रातला आकडा, त्याच्याच सहीचा. झेवियरजवळ मे १५४६ चं पत्र. पोर्तुगीजमध्ये तर हवंच, आणि जिथे ज्याने जे केलं तिथल्या भाषेतही हवं, म्हणजे आल्बुकर्कपाशी कोकणी. यातलं काहीही शत्रूने रचलेलं नाही, सगळं त्यांच्याच दप्तरातलं आहे. त्यामुळे देशाची बदनामी केली असं म्हणायची सोय राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट तर लिस्बनच्या लोकांनी स्वतःच मागून घेतली आहे. २०१७ मध्ये शहराच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात, आफ्रिकी वंशाच्या नागरिकांच्या ‘ज्यास’ या संस्थेच्या प्रस्तावावरून, गुलाम केल्या गेलेल्या माणसांच्या स्मारकाला मतं मिळाली. अंगोलाच्या किलुआंजी किया हेंडा यांचा आराखडा निवडला गेला: नदीकाठी काळ्या ॲल्युमिनियमच्या उसाचा मळा. जवळून चालणाऱ्याला पानांतून वाट काढावी लागेल असा. वाचतानाच अंगावर काटा येतो. पण जागेवरून आणि परवानग्यांवरून ते काम वर्षानुवर्षं रखडत गेलं. रंगाची एक ओळ पुसायला जी तत्परता दाखवली गेली, तिचा थोडा तरी वाटा त्या उसाच्या नशिबी यायला हवा होता.

मी स्वतः त्या नदीकाठाबद्दल वाचतो तेव्हा बेलेंपाशी थांबत नाही, पश्चिमेकडे आणखी थोडं पुढे जातो. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत निःशस्त्र शिरलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसं मेली. त्याच वर्षी आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सांगलीचा माणूस, गोव्यात मास्तर म्हणून राहिलेला. २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन काशियशच्या तुरुंगात ठेवलं. १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला, रानडे झाले नाहीत. आणखी सात वर्षं ते आतच होते. जानेवारी १९६९ मध्ये सुटले, तेव्हा दगडी जहाजाला साडेआठ वर्षं होत आली होती. बेलेंच्या स्टेशनावर कास्काइशकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की डाव्या हाताला नदी सतत सोबत असते, आणि काही स्टेशनांनंतर काशियश येतं.